लग्नाच्या फोटोंचा भाव कशावर ठरावा? सिहोऱ्यातील एक संवाद

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील सिहोरा हे मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्याकडील सीमाभागातले, धानपट्ट्यातले गाव असून येथील लग्नांचे वेळापत्रक आजही धान घरात येण्यावर आणि पंचांगातील मुहूर्तांवर चालते. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या निमित्ताने सोयरेधायरे एकत्र येतात, स्थळांची बोलणी बहुधा तेव्हाच सुरू होतात, आणि तारीख पक्की झाली की मंडपवाला, आचारी व वाजंत्री यांच्या बरोबरीने फोटोग्राफरलाही बयाना, म्हणजे तारीख राखून ठेवण्यासाठीची आगाऊ रक्कम, द्यावा लागतो. आचाऱ्याशी बोलताना किती पंगती उठणार हे घरच्यांना ठाऊक असते आणि मंडपवाल्याशी बोलताना अंगण किती फुटांचे आहे हे सांगता येते. फोटोग्राफरशी बोलताना मात्र नेमके काय विकत घेतले जात आहे, हे बयाना देणाऱ्याला आणि कित्येकदा तो घेणाऱ्यालाही शब्दांत मांडता येत नाही. लग्नानंतर उद्भवणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ या न मांडलेल्या गोष्टीत असते.

पुढील संवादात दोन भूमिका समोरासमोर ठेवल्या आहेत. एक आहे वधूच्या काकांची, ज्यांच्याकडे घरातील खर्चाची वही आहे आणि ज्यांना फोटोवरचा खर्च पंगतीतून किंवा पुतणीच्या दागिन्यातून वजा होताना दिसतो. दुसरी आहे गावात छोटा स्टुडिओ चालवणाऱ्या तरुण छायाचित्रकाराची. या दोघांत कोणतीही विशिष्ट व्यक्ती अभिप्रेत नाही. वयाच्या आणि रीतीच्या अंतराने एक दुसऱ्याला ‘काकाजी’ म्हणतो आणि दुसरा पहिल्याला ‘भाऊ’.

काकांचा पहिला आक्षेप मोजमापाचा होता. “भाऊ, पूर्वी रोल मोजून पैसे दिले जात. किती रोल लागले, किती कॉप्या काढल्या, याचा हिशेब कागदावर होता. आता पॅकेज म्हणून एकच आकडा सांगितला जातो आणि त्याच्या पोटात काय आहे ते कळत नाही.”

हा आक्षेप जुन्या आठवणींपुरता नाही, त्याला व्यवसायाच्या इतिहासाचा आधार आहे. ३५ मिलिमीटरच्या रोलमध्ये साधारण ३६ फोटो निघत, तर मोठ्या चौकोनी फोटोंसाठी वापरल्या जाणाऱ्या १२० क्रमांकाच्या रोलमध्ये १२. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ हा कृष्णधवल रोल असो वा परदेशी रंगीत रोल, प्रत्येक वेळी बटण दाबताना पैसे खर्च होत असल्यामुळे फोटोग्राफर जपून दाबत असे आणि गिऱ्हाइकालाही खर्चाचे एकक डोळ्यांना दिसत असे. डिजिटल कॅमेरा आल्यावर हे एकक नाहीसे झाले. फोटो काढण्याचा वरवर दिसणारा खर्च शून्यावर आला, एका लग्नात तीन-तीन हजार फोटो निघू लागले, आणि किंमत कशाची हा प्रश्न उघडाच राहिला. त्या रिकाम्या जागी व्यवसायाने अल्बमची पाने आणून बसवली; काकांना जाणवलेली अस्पष्टता येथूनच सुरू होते.

छायाचित्रकाराने शून्य खर्चाची कल्पना आधी खोडून काढली. “काकाजी, रोल गेला तरी झीज गेली नाही. कॅमेऱ्याचे शटर, म्हणजे प्रकाश आत सोडून लगेच बंद होणारा यांत्रिक पडदा, ठरावीक उघडझापीपुरताच टिकेल अशी अपेक्षा असते.” मध्यम दर्जाच्या अनेक डीएसएलआर कॅमेऱ्यांत ही मर्यादा एक ते दोन लाखांच्या दरम्यान सांगितली जाते; दीड लाख उघडझापींचे शटर धरले आणि प्रत्येक लग्नात ३,००० फोटो काढले, तर ५० लग्नांत ते आपली अपेक्षित मर्यादा गाठते. साठवणुकीचा खर्चही तसाच आहे. रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली संपूर्ण, न सजवलेली माहिती. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात अशी एक फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते, म्हणजे ३,००० फोटोंना ७५ ते ९० जीबी जागा लागते, आणि फोर-के दर्जाचे चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने केल्यास तासाला ४५ जीबी. एक प्रत बिघडल्यास लग्न पुन्हा लावता येत नाही, म्हणून हे सारे किमान दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवावे लागते.

त्याच्या मते यापेक्षाही मोठी अडचण दिवसांची होती. चातुर्मासात बहुतेक हिंदू घरांत लग्ने होत नाहीत, अधिक मासात मुहूर्त धरला जात नाही, आणि २०२६ साली तर १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ नेमका उन्हाळी लग्नसराईतच आला. उरलेल्या मोजक्या तिथींवर एकाच दिवशी सिहोऱ्यात, तुमसरात आणि वारासिवनीकडेही लग्ने असतात. फोटोग्राफर एका तिथीला एकाच लग्नाचे काम करू शकतो, पण घरभाडे, कर्जाचे हप्ते आणि मदतनिसाचा पगार बाराही महिने द्यावे लागतात. एका तिथीच्या दरात रिकाम्या महिन्यांचा वाटा असतो, हे त्याचे म्हणणे हिशेबाच्या दृष्टीने बरोबर आहे. ते बयाना घेताना कोणी सांगत नाही, ही चूक मात्र व्यवसायाचीच म्हटली पाहिजे.

काकांनी मग प्रत्यक्ष आकडे मागितले, आणि छायाचित्रकाराने ६०,००० रुपयांचे एक कल्पित पॅकेज फोडून दाखवले. हे आकडे बाजारभाव नव्हेत, केवळ रीत कळावी म्हणून मानलेले आहेत. त्यांपैकी १५,००० दुसरा फोटोग्राफर, व्हिडिओवाला आणि मदतनीस यांच्या मजुरीचे. १०,००० फोटो निवडणे, रंग सुधारणे आणि ज्याला या धंद्यात ‘मिक्सिंग’ म्हणतात त्या व्हिडिओ जुळणीचे. १२,००० लॅबमधील अल्बमचे. ५,००० प्रवासाचे आणि डिस्कचे. आणि उरलेल्या १८,००० मधून उपकरणांची झीज, दुकानाचे भाडे, रिकामे महिने आणि स्वतःची मेहनत. यावर काकांनी विचारलेला प्रश्न साऱ्या वादाचा गाभा होता. “भाऊ, साठातले बाराच हजार अल्बमचे असतील, तर बोलणी अल्बमच्या पानांपासून का सुरू होतात? घासाघीसही पानांवरच का होते?”

छायाचित्रकाराचे उत्तर प्रामाणिक होते. गिऱ्हाईक अल्बम हातात घेऊन पाहते, त्याचे वजन आणि चकाकी त्याला समजते. चांगल्या हाताचा दुसरा फोटोग्राफर आणि नवखा मुलगा यांतला फरक लग्न होईपर्यंत दिसत नाही. म्हणून दर पाडायची वेळ आली की अल्बम तसाच राहतो आणि माणूस बदलतो. येथे लेखाचा कौल काकांच्या प्रश्नाकडे झुकतो, जरी उत्तर छायाचित्रकाराचे खरे असले तरी. आजच्या लग्नफोटोंच्या व्यवहाराचे एकक कामाचे तास आणि काम करणारी माणसे हेच असायला हवे. अल्बम ही नंतर, सवडीने, वेगळीसुद्धा करून घेता येणारी वस्तू आहे. ‘करिझ्मा’ नावाने ओळखला जाणारा जाड पानांचा, बहुधा उघडल्यावर १२ बाय ३६ इंच होणारा अल्बम दिमाखदार दिसतो खरा, पण तीस-चाळीस पाने भरायची म्हणून एकच फोटो पार्श्वभूमीला मोठा, कोपऱ्यात लहान आणि मध्ये फुलांच्या चौकटीत असा तीनदा छापला जातो. वीस पानांचा नेटका अल्बम आणि वाचलेल्या पैशात अनुभवी माणूस, ही निवड बहुतेक घरांसाठी अधिक हिताची आहे.

पॅकेजमधील बाकीच्या शब्दांचा उलगडाही याच ओघात झाला. ‘ट्रॅडिशनल’ म्हणजे मंचावर नवरा-नवरीशेजारी पाहुण्यांना उभे करून, समोरून उजेड टाकून काढलेले फोटो. ‘कॅन्डिड’ म्हणजे माणसांना न सांगता, त्यांच्या नैसर्गिक हालचालीत, बहुधा दुरून मोठ्या लेन्सने टिपलेले. ‘सिनेमॅटिक’ म्हणजे लग्नाचा क्रमवार तीन तासांचा व्हिडिओ न देता निवडक क्षण संगीतावर जुळवून केलेली छोटी फिल्म. काकांना ‘कॅन्डिड’ हे शहरी फॅड वाटत होते आणि ‘ट्रॅडिशनल’ आवश्यक, कारण आहेर देऊन गेलेल्या प्रत्येक सोयऱ्याचा फोटो नसेल तर पुढे वर्षानुवर्षे बोल लागतो. छायाचित्रकाराचा कल उलटा होता. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मंचावरचा फोटो ही नात्याची नोंद असते आणि गावात तिला किंमत आहे, परंतु सारी माणसे मंचाकडे तोंड करून उभी राहिली तर लग्नाचे काम करणारी माणसे फोटोत येतच नाहीत. मांडव घालणारी पोरे, तेल-हळदीच्या वेळी गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या, भात शिजवणाऱ्या बाया, मंचावर चढायला संकोचणारी विधवा आत्या, हातात अक्षता घेऊन मागे उभा राहिलेला शेतावरचा गडी, हे सारे वगळले जातात, कारण फोटोग्राफर त्यांना ओळखत नाही आणि घरचे त्या दिवशी सांगायला मोकळे नसतात.

या मुद्द्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण पैशाशी त्याचा काही संबंध नाही आणि तरीही सर्वांत मोठे नुकसान येथेच होते. ज्या आजीचा शेवटचा नीट फोटो याच लग्नात निघणे शक्य असते, तिचा फोटो काढायचा आहे हे कोणीतरी आधी बोलावे लागते. छायाचित्रकाराने सुचवलेला उपाय साधा होता: लग्नाच्या आदल्या दिवशी घरातील एका जाणत्या मुलीने किंवा मुलाने वीस-पंचवीस माणसांची यादी द्यावी आणि त्या दिवशी तासभर फोटोग्राफरबरोबर फिरून ती माणसे दाखवावीत. काकांनी त्यात भर घातली की यादी केवळ वधूकडची नसावी, कारण दोन्हीकडून वेगवेगळे फोटोग्राफर आले की अंतरपाट दूर होताना दोघेही एकमेकांच्या चौकटीत शिरतात. दोन्ही घरांनी मिळून एकच संघ ठरवला तर खर्च वाटला जाईल आणि मंडपात गर्दीही कमी होईल. नव्या सोयरिकीत हे बोलणे अवघड असते, पण बैठकीत मानपानाचे इतके मुद्दे निघतात तेथे हाही निघायला हरकत नसावी.

उजेडाचा विषय छायाचित्रकाराने आग्रहाने मांडला. उन्हाळ्यात भर दुपारी रंगीत कापडाच्या मंडपाखाली कापडाचाच रंग चेहऱ्यांवर उतरतो. गोरज मुहूर्ताला सूर्य मावळतीला असताना उजेड मिनिटामिनिटाला बदलतो. आणि रात्री मंचावर लावलेले जांभळे-हिरवे फिरते एलईडी दिवे नवरीच्या हळदीच्या चेहऱ्याचा रंग असा बिघडवतात की तो नंतर संगणकावरही पूर्ण सुधारत नाही. पांढरा रंग कॅमेऱ्याला पांढराच दिसावा म्हणून करायच्या जुळणीला ‘व्हाइट बॅलन्स’ म्हणतात; ती एका रंगाच्या उजेडात साधते, एकाच चेहऱ्यावर चार रंग पडले की साधत नाही. त्यामुळे मंगलाष्टकांच्या वेळी तरी रंगीत दिवे बंद ठेवून साधा पांढरा उजेड ठेवण्याविषयी मंडपवाल्याशी आधी बोलावे. या एका सूचनेला पैसा लागत नाही आणि तिने फोटोंचा दर्जा महागड्या कॅमेऱ्यापेक्षा अधिक सुधारतो.

विधींचा क्रम फोटोग्राफरला ठाऊक आहे का, हेही बयान्यापूर्वी विचारले पाहिजे. या जिल्ह्यात पोवार, कुणबी, तेली, कलार, कोहळी, गोंड, ढिवर अशा अनेक समाजांच्या रीती वेगळ्या आहेत, आणि बौद्ध विवाहाची रचना तर मुळातच निराळी आहे. तेथे अंतरपाट, होम आणि सप्तपदी नसतात. तथागत बुद्ध आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांसमोर वंदना, त्रिशरण-पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा आणि पुष्पहार असा विधी तुलनेने थोडक्या वेळात पार पडतो. सप्तपदीची वाट पाहत बसणाऱ्या फोटोग्राफरच्या हातून प्रतिज्ञेचा क्षण निसटतो.

काकांचा दुसरा मोठा आक्षेप मालकीचा होता. पैसे दिल्यावर सारे मूळ फोटो मिळाले पाहिजेत, असे ते म्हणत होते. छायाचित्रकार म्हणत होता की कच्च्या फाइली म्हणजे अर्धवट काम, त्या बाहेर गेल्या की कोणी कसेही रंग लावते आणि नाव त्याचे खराब होते. याबाबत कायदा गिऱ्हाइकाला वाटतो त्यापेक्षा त्याच्या बाजूचा आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७(ब) नुसार मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून छायाचित्र काढले असेल, तर विरुद्ध करार नसल्यास त्या छायाचित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारी व्यक्ती असते. परंतु कॉपीराइट असणे आणि प्रत्येक कच्ची फाइल हातात मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून काय मिळणार हे लिहूनच घ्यावे. छापील पावतीच्या मागे बारीक अक्षरात ‘सर्व हक्क स्टुडिओकडे’ असे लिहिलेले असेल, तर तो विरुद्ध करार ठरू शकतो; ती पावती वाचूनच घ्यावी. लेखाचे मत असे की निवडून सुधारलेले सर्व फोटो पूर्ण आकारात देणे अनिवार्य मानावे, कच्च्या फाइली मागितल्यास त्यांचा वेगळा दर आधी ठरवावा, आणि स्टुडिओने आपली प्रत किती महिने सांभाळायची तेही नोंदवावे.

ड्रोनच्या बाबतीत काकांना उत्साह होता, कारण शेजारच्या लग्नात वरातीवरून ड्रोन फिरला होता. येथे छायाचित्रकारच सावध निघाला. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र असावे लागते, ड्रोनची नोंदणी लागते आणि त्या जागेचा हवाई पट्टा सरकारी नकाशावर पाहावा लागतो. प्रमाणपत्र दाखवता येत नसेल तर ड्रोनचे कलम काढून टाकणेच योग्य. चांदपूर जलाशयाकाठच्या प्री-वेडिंग चित्रणाविषयी दोघांचे एकमत झाले नाही. एकाला तो वायफळ खर्च वाटला, दुसऱ्याला नवरा-नवरीने कॅमेऱ्यासमोर मोकळे होण्याचा सराव, आणि ते त्या दोघांवर सोडले तर काही बिघडत नाही.

कराविषयी एवढे ध्यानात ठेवावे की सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल तर सामान्यतः जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, आणि नोंदणी नसलेल्या फोटोग्राफरला बिलात जीएसटी लावून पैसे घेता येत नाहीत. ‘पक्के बिल हवे तर १८ टक्के जादा’ असे म्हणणाऱ्याकडे नोंदणी क्रमांक मागावा. काम न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ती तक्रारदाराच्या राहत्या जिल्ह्यात दाखल होऊ शकते आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही. तेथे शब्दांपेक्षा कागद चालतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा स्पष्ट मजकूरही काहीच नसण्यापेक्षा बरा.

शेवटी दोघांनी एका पानावर लिहिले ते असे: तेल-हळद आणि लग्न या दोन दिवसांचे तास, येणाऱ्या माणसांची संख्या, आणि मुख्य फोटोग्राफर स्वतः हजर राहील ही अट, आजारपण आल्यास कोण येईल त्याचे नाव, दहा निवडक फोटो आठ दिवसांत, कारण ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी करताना लग्नाचा फोटो मागितला जातो, सुधारलेले सर्व फोटो ४५ दिवसांत, अल्बम मात्र घरच्यांनी फोटो निवडून दिल्यापासून ६० दिवसांत, कारण छायाचित्रकाराच्या म्हणण्याप्रमाणे उशीर पुष्कळदा निवडीतच होतो आणि काकांनी ते मान्य केले. पैसे तीन हप्त्यांत, बयाना, लग्नाच्या दिवशी दुसरा भाग आणि सुधारलेले फोटो हाती आल्यावर तिसरा. अल्बमचा दर स्वतंत्र ओळीत.

एक कलम उरले होते. स्टुडिओला नवरीचे फोटो आपल्या इन्स्टाग्रामवर लावायचे होते आणि काका त्याला परवानगी द्यायला तयार झाले होते. कायद्याने काम सांगणारे आणि पैसे देणारे म्हणून काकाच मालक ठरत असले, तरी चेहरा पुतणीचा होता, आणि हे छायाचित्रकाराच्याच लक्षात आले. “काकाजी, हे ताईंना विचारून लिहू. त्या नाही म्हणाल्या तरी दर बदलणार नाही.” काकांनी ते शेवटचे वाक्यही पानावर लिहून घ्यायला सांगितले.